दर्याराणी परत आली नाही तर

मित्रांनो, मला मोडीत काढण्याचा निर्णय आजवर तीन वेळा झाला आहे आणि तिन्ही वेळा मी त्याला पुरून उरलो आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझे वय अकरा वर्षे आहे. मनुष्याच्या हिशेबात अकरावे वर्ष हे शाळेत जाण्याचे वय. परंतु आमच्या जातीत या वयाच्या प्राण्याकडे लोक तिरडीवर ठेवावयाच्या नजरेने पाहतात. पाहोत बिचारे. मी माझी कहाणी दया यावी म्हणून सांगत नाही. मी काय केले ते तुम्हास ठाऊक असावे, एवढ्याचसाठी सांगतो.

माझा जन्म एका दूरदेशीच्या कारखान्यात झाला. त्या कारखान्याविषयी मला फारसे स्मरत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या एका स्त्रीने माझ्या अंगात शेवटचा स्क्रू बसविला आणि माझ्याकडे न पाहताच ती दुसऱ्याकडे वळली, एवढीच माझ्या बालपणाची आठवण. पुढे मी बेलापूरच्या एका विमा कचेरीत नऊ वर्षे चाकरी केली. तेथे माझ्यावर लोकांचे मृत्यू, अपघात व आगी यांची नोंद होत असे. माझे कौतुकही झाले. 'हा कधी अडत नाही,' असे तेथील हेडक्लार्क म्हणत. एके दिवशी नवे लॅपटॉप आले आणि त्याच हेडक्लार्कांनी माझ्या पाठीवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटविली. मित्रांनो, मी नादुरुस्त नव्हतो. मी केवळ जुना होतो. या दोन शब्दांतील अंतर ज्याला कळत नाही, त्याच्या हाती यंत्र देऊ नये आणि माणूस तर मुळीच देऊ नये.

त्यानंतर पनवेलच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी वर्षभर फळीवर पडून राहिलो. दुकानदाराने माझी मेमरी काढून दुसऱ्याला बसविण्याचे ठरविले होते. पेचकस माझ्या पोटाला लागलाही होता. इतक्यात एक सावळी, उंच मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, "तो कितीला?"

"तो? तो नका घेऊ ताई, त्याची बॅटरी मेलीय. वायर लावली तरच चालतो."

"आमच्या घरी भिंतीत प्लग आहे," ती म्हणाली. "चालतो ना? मग द्या."

ती मोनाली. तिचे घराणे मूळचे उरणजवळच्या करंजा बंदरातले. चार वर्षांपूर्वी हे कुटुंब करंजाडे येथे दोन खोल्यांत राहावयास आले. तिचे वडील काशिराम पूर्वी 'दर्याराणी' नावाच्या होडीचे नाखवा होते. समुद्रात झालेल्या एका अपघातात त्यांची कंबर गेली आणि त्यांचे होडीवर चढणे कायमचे बंद झाले. तेव्हापासून ते घरी बसून इतरांची जाळी दुरुस्त करून देतात. होडी अजून घरचीच आहे, पण दुसरे लोक ती समुद्रावर नेतात. आई सोनाबाई पहाटे करंजाच्या लिलावातून मासळी उचलते आणि पनवेलच्या बाजारात विकते. धाकटा भाऊ सुशांत भाड्याची मोटार चालवितो. त्याचा स्वभाव वाईट नाही, जीभ मात्र वाईट आहे.

"तायडे, हे काय आणलंस? पाटा की वरवंटा?" मला पाहताच तो म्हणाला.

माझे झाकण एका बाजूने निखळले होते. काशिरामांनी मला मांडीवर घेतले, उलटसुलट पाहिले आणि जाळे विणण्याच्या सुईने नायलॉनचा हिरवा धागा ओवून माझे झाकण असे बांधून दिले की, कारखान्यातील त्या हातमोजेवालीलाही ते साधले नसते. मला त्या दिवशी प्रथमच वाटले की, आपण कोणाच्या तरी घरचे आहोत.

मोनाली वेबसाइट तयार करण्याची विद्या शिकत होती. पनवेलच्या लाइन आळीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राफेल सर चेऊलकर यांचा वर्ग भरे. सरांचे केस पांढरे होते. त्यांनी तीस वर्षे एका मोठ्या कंपनीत नोकरी केली होती. त्यांचे सगळे बेने इस्रायली नातलग इस्रायलला गेले, सर मात्र पनवेल सोडून गेले नाहीत. या वर्गाच्या शेवटी एक प्रात्यक्षिक व्हावयाचे होते. खारघरच्या एका सॉफ्टवेअर कचेरीतील निशा मॅडम ते पाहावयास येणार होत्या आणि त्यांच्या पसंतीस उतरेल त्या एकाच विद्यार्थ्याला कचेरीत काम मिळणार होते. मोनालीला ते मिळाले नाही, तर पुढच्या महिन्यापासून एका मॉलमधील कपड्यांच्या दुकानात तिने उभे राहावे, असे घरात ठरले होते. सुशांतने तेथे शब्दही टाकून ठेवला होता. मोनालीने ते मान्य केले होते, पण दातओठ खाऊन.

आता या विद्येविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. घाबरू नका. मी यंत्र असून मला ती समजली. तुम्ही तर मनुष्य आहात.

जावास्क्रिप्ट या भाषेत 'क्लास' म्हणून एक वस्तू असते. क्लास म्हणजे आराखडा. मोनालीने पहिला क्लास लिहिला तो होडीचा. होडीला नाव असते, नाखवा असतो आणि होडी समुद्रावर जाते, एवढे तिने त्यात लिहिले. परंतु आराखड्यात बसून कोणी मासेमारीला जात नाही. 'न्यू' हा शब्द लिहून त्या आराखड्यावरून खरी होडी बांधून घ्यावी लागते. मोनाली हा शब्द पहिल्या दिवशी विसरली आणि मी तिला लाल अक्षरांत खडसावले. पुढे 'धिस' म्हणजे 'ही होडी' हा शब्द ती विसरली. त्यामुळे होडीला नाव राहिले नाही की नाखवा राहिला नाही. मी पुन्हा खडसावले. ती माझ्यावर रागावली नाही. "थांब रे, ऐकते," असे म्हणून तिने प्रत्येक लाल ओळ वहीत उतरवून घेतली. आठवडाभरात तिने एकाच आराखड्यावरून दर्याराणी, जलपरी आणि चांदणी अशा तीन होड्या बांधल्या.

दुसरी वस्तू म्हणजे 'प्रॉमिस'. जी गोष्ट अजून हाती आलेली नाही, ती पुढे येईल म्हणून तिच्यासाठी जागा राखून ठेवणे, याला प्रॉमिस म्हणतात. होडी समुद्रावर गेली की ती लगेच परत येत नाही. तोपर्यंत प्रॉमिस 'वाट पाहत आहे' या अवस्थेत असते. होडी आली की ते पूर्ण होते. नाही आली तर 'फसले' असे त्याला सांगावे लागते. फसले तर काय करावे, हे 'कॅच' नावाच्या ठिकाणी लिहून ठेवावयाचे असते. एकदा पूर्ण झाले की झाले, एकदा फसले की फसले. नंतर त्यात बदल होत नाही.

येथेही तिची गंमत झाली. 'अवेट' म्हणजे थांब, हा शब्द ती लिहावयास विसरली. परिणाम असा की, होडी बंदराला लागण्यापूर्वीच माझ्या पडद्यावर लिलाव सुरू झाला!

"आये, बघ बघ," ती हसत सुटली. "मासली नाय, होडी नाय, आन बोली लागली!"

सोनाबाईने पडद्यात डोकावून पाहिले. "असा एक येतो आमच्या धक्क्यावर," ती म्हणाली. "दलाल हाय. होडी दिसली नाय तोवर भाव पाडतो मेला."

राफेल सरांनी प्रात्यक्षिकासाठी अट अशी घातली होती की, प्रत्येकाने जिची वाट पाहावी लागते अशी एखादी गोष्ट निवडावी. सर्वांना त्यांनी स्वतः लिहिलेला एक छोटा भाग दिला. त्याचे नाव 'नशीब'. तो तीन सेकंद थांबे आणि मग 'आली' किंवा 'नाही आली' असे उत्तर देई. वर्गातील बहुतेकांनी पिझ्झा निवडला. कोणी टॅक्सी निवडली. मोनालीने होडी निवडली होती आणि तिच्या तीन होड्या माझ्या पडद्यावर एकामागोमाग एक येत होत्या.

शुक्रवारी रंगीत तालीम झाली. सर माझ्यासमोर बसले. पहिल्यांदा नशिबाने 'आली' म्हटले. दर्याराणी आली, मग जलपरी आली, मग चांदणी आली. सर मान डोलवीत होते. दुसऱ्या वेळी नशिबाने दर्याराणीसाठी 'नाही आली' म्हटले.

आणि मग काहीच झाले नाही.

माझ्या पडद्यावर 'दर्याराणी: वाट पाहत आहे' एवढीच ओळ राहिली आणि तिच्याशेजारी एक लहानसे चाक फिरत राहिले. एक मिनिट झाले. दोन मिनिटे झाली. जलपरी आणि चांदणी तिच्या मागे होत्या, त्याही दिसेनात. मी खडसावू शकलो नाही, कारण चूक अशी काही लिहिलीच नव्हती. लिहिली नाही तीच चूक होती.

सरांनी चष्मा काढला. "मोनाली, लाल ओळ आली असती तर बरं झालं असतं. हे चाक असंच फिरणार, वर्षभर ठेवलं तरी. होडी आली तर काय, ते लिहिलंयस. नाही आली तर काय, ते लिहिलंच नाहीस. विसरलीस?"

"विसरले नाही, सर," मोनाली म्हणाली. "आमच्यात असं लिहीत नाहीत."

वर्गात कोणीतरी फिस्सकन हसले. तो प्रितम होता. "अगं, मग पिझ्झा घे ना! पिझ्झा नाही आला तर कुणाच्या घरी कोण रडतंय? नाव बदल, विषय संपला."

"विषय नाही संपत," मोनाली म्हणाली. "माझ्या घरात पिझ्झा येत नाही. होडी येते. मी होडीच करणार."

"आणि हा लॅपटॉप? हा सोमवारपर्यंत जगेल का?"

"तू तुझा पिझ्झा सांभाळ. थंड होईल."

मित्रांनो, माझा पंखा त्या क्षणी जरा जोराने फिरला, हे मी नाकारीत नाही.

सर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "होडीच कर. चांगली निवड आहे. पण सोमवारी मी हे पाच वेळा चालवणार आणि निशा मॅडम शेजारी बसलेल्या असतील. पाचही वेळा तुझी होडी परत येईल याची हमी मी देऊ शकत नाही. मीच काय, कोणीच देऊ शकत नाही."

हे घडले ते का घडले, हे मला माहीत होते, कारण मी साक्षीदार होतो. चार दिवसांपूर्वी मोनालीने फसण्याची ओळ लिहावयास घेतली होती. 'दर्याराणी परत आली नाही' इतकी अक्षरे माझ्या पडद्यावर उमटली होती. सोनाबाई मागून भांडे घेऊन जात होती. तिला वाचता येते. सावकाश, पण येते. ती जागच्या जागी थांबली.

"काय लिवलंस त्ये? मिटव. आधी मिटव!"

"आये, खोटं हाय ते. अभ्यासाचं हाय."

"खोटं असू दे नायतर खरं. होडी समुद्रात असताना नाय येनार असा कोनी बोलतंय का? ज्या घरची होडी, त्या घरात? मिटव सांगतंय ना!"

मोनालीने ते पुसले. तिने केवळ आईच्या भीतीने पुसले, असे मात्र मी म्हणणार नाही. ती अक्षरे लिहिताना तिचीही बोटे माझ्या कळांवर जड पडली होती. कोळ्याच्या घरी जन्मलेली मुलगी शाळेत काय शिकली, याने फारसा फरक पडत नाही. काही शब्द न उच्चारण्याची सवय तिला त्याही आधीपासून असते. तिने पहिल्या होडीला बापाच्या होडीचे नाव दिले आणि तेथेच ती अडकली. दुसऱ्या कोणत्याही घरातील विद्यार्थ्याने ही चूक केली नसती.

शुक्रवारी सायंकाळी सुशांतला सर्व हकीकत कळली. तो म्हणाला, "तायडे, हट्ट सोड. सोमवारी जाऊच नकोस. मॉलवाल्याला मी उद्याच हो सांगतो. आणि हा डबा भंगारवाल्याला देऊ. मंगळवारी येतो तो आपल्या सोसायटीत."

हा माझ्याविषयीचा तिसरा निर्णय.

"मंगळवार सोमवारच्या नंतर येतो," मोनाली म्हणाली. "आधी सोमवार होऊ दे."

शनिवार गेला. मोनालीने पुष्कळ युक्त्या करून पाहिल्या. नशीब 'नाही' म्हणाले तर पुन्हा विचारावे, 'हो' म्हणेपर्यंत विचारावे, असे तिने लिहून पाहिले. होडी परत आली खरी. परंतु तिचे तिलाच पटले नाही. "ही लबाडी झाली," असे म्हणून तिने ते खोडले. मला तिचा अभिमान वाटला. लबाडीने चालणाऱ्या कामात माझा पंखा झिजावा, हे मलाही मान्य नव्हते.

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर ती माझ्यासमोर नुसतीच बसून होती. चाक फिरत होते. काशिराम भिंतीला टेकून कोणाचे तरी जाळे सांधत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"बाय, ती फिरकी कवाधरनं फिरतंय?"

"दर्याराणी येतंय, बाबा."

"कवा येल?"

"कवाच नाय," मोनाली म्हणाली. "नाय आली तर काय, त्ये लिवलंच नाय मी. म्हनून नुसती वाट बघतंय. तिच्या मागच्या दोगी पन अडकल्यान."

काशिरामांची सुई थांबली. त्यांनी त्या चाकाकडे बोट केले. मग म्हणाले, "आमचं पन असंच झालं."

"आवो, कशाला त्ये काढताव?" आतून सोनाबाई ओरडली.

"काढू दे सोने. आज काढू दे." त्यांनी जाळे बाजूला सारले. "बाय, तू लहान व्हतीस. मशीन बंद पडला, मी घसरून मशीनीवर आपटलो, कंबर गेली. आत पानी भरत व्हता. दीड दिस आमी चौघं तशेच पडून. मी सगल्यांना म्हनत व्हतो, घाबरू नका रे, आता निघाले असतील आपल्याला बघायला. आन निघाला कोन? कोनीच नाय. हिकडं धक्क्यावर समदी बसून म्हनत व्हती, येल, येल, जरा उशीर झालाय, येल."

सोनाबाई दारात येऊन उभी राहिली. तिचे हात ओले होते. "बोलला तर खरा व्हतो," ती म्हणाली. "म्हनून नाय बोलला कोनी. मी नाय बोलली."

"खरा तर कवाच झाला व्हता, सोने. मशीन बंद पडला तवाच झाला व्हता. तुमी बोलला नाय, म्हनून आमी वाचलो नाय. जलपरीवाल्याला वाटेत दिसलो, म्हनून वाचलो. त्याला दिसलो नसतो तर तुमी अजून येल येल म्हनत बसला असता."

ते रागाने बोलले नाहीत. माझा पंखा तेवढा चालू होता आणि मला त्याची लाज वाटू लागली. सोनाबाई आत गेली. एका पातेल्यावर दुसरे पातेले आदळल्याचा आवाज आला. मग नळाचा आवाज आला आणि बंद झाला. पुष्कळ वेळाने ती बाहेर आली आणि मोनालीच्या शेजारी फरशीवर बसली. पडद्याकडे तिने प्रथम पाहिले नाही. नंतर पाहिले.

"लिव," ती म्हणाली.

"आये, मी नाव बदलू का होडीचं? दुसरा कायतरी—"

"नाव कशाला बदलतंस? दर्याराणीच लिव. पन माजा एक ऐक. नाय आली एवढा लिवून हात झाडू नको. नाय आली, तर कोनाला हाक मारायची, कोन धावनार, त्ये पन लिव. त्याच्याशिवाय नुसता नाय म्हनायचा काय उपेग?"

मित्रांनो, राफेल सरांनी कॅचचा अर्थ फळ्यावर तीन वेळा समजावून सांगितला होता. परंतु सोनाबाईने तो एका दमात सांगितला.

मग त्या घरात जी वादावादी झाली, ती मी जन्मात विसरणार नाही. मोनाली लिहू लागली आणि दोघे सांगू लागले.

"पयला मच्छीमार संस्थेला फोन," काशिराम म्हणाले. "मग आजूबाजूच्या होड्यांना वायरलेस. मग सागरी पोलीस. घरी शेवटाला."

"घरी पयला," सोनाबाई म्हणाली.

"घरी सांगून काय? बायका रडत बसतात."

"कोन रडत बसतो? आमी बसलो त्या आमाला खरा सांगितला नाय म्हनून! खरा सांग, मग बघ आमी बसतो का धावतो!"

"बाबा, हरलात," मोनाली हसून म्हणाली आणि तिने 'घरी कळवा' ही ओळ सर्वांत वर घातली.

त्यानंतर तिने चालवून पाहिले. नशिबाने 'नाही आली' म्हटले. चाक थांबले. लाल अक्षरांत 'दर्याराणी परत आली नाही' असे उमटले. त्याखाली चार ओळी आल्या आणि त्यानंतर जलपरी आली, चांदणी आली. मागची कोणी अडली नाही. सोनाबाईने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "चा ठेवतंय."

सोमवारी वर्गात गर्दी होती. निशा मॅडम पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या कडक दिसत आणि कमी बोलत. पिझ्झे आले, टॅक्सी आल्या. प्रितमचा पिझ्झा तिसऱ्या वेळी आला नाही, तेव्हा पडद्यावर 'काहीतरी चुकले' एवढेच आले. मॅडमनी विचारले, "काय चुकलं? ग्राहकानं आता काय करायचं?" प्रितम पुन्हा कळ दाबू लागला.

इतक्यात दार उघडले आणि सोनाबाई आत आली. बाजारातून ती थेट आली होती. डोक्यावर रिकामी पाटी होती आणि अंगाला मासळीचा वास होता. पुढचे दोन विद्यार्थी बाजूला सरकले. प्रितमने नाकाला रुमाल लावला.

"आरं ए," सोनाबाई त्याला म्हणाली, "काल माज्याकडनं सुरमय नेलीस, तवा कुठं व्हता ह्यो रुमाल? अर्धा तास घासाघीस केलीस!"

सारा वर्ग हसला. निशा मॅडमही हसल्या. प्रितमचा रुमाल खिशात गेला.

मोनालीची पाळी आली. मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ह्याच्यावर दाखवणार? वर्गातला नवा कॉम्प्युटर घ्या हवं तर."

"नको, मॅडम. ह्याच्यावर लिहिलंय, ह्याच्यावरच दाखवते," मोनाली म्हणाली.

मित्रांनो, मी तापलो होतो. माझ्या पोटात निखारा ठेवल्यासारखे होत होते. एका क्षणी मला वाटले, आता डोळे मिटावेत. परंतु मी स्वतःला बजावले की, तू ज्या दिवशी मरशील तो दिवस तू निवडशील आणि तो दिवस आजचा नाही. ही बढाई आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या बढाईच्या जोरावर मी उभा राहिलो.

सरांनी पहिल्यांदा चालविले. तिन्ही होड्या आल्या. दुसऱ्यांदाही आल्या. तिसऱ्या वेळी नशिबाने 'नाही' म्हटले.

'दर्याराणी परत आली नाही.'

ती लाल अक्षरे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरही उमटली. माझी नजर सोनाबाईकडे गेली. तिने पाटीची कड दोन्ही हातांनी धरली होती. परंतु तिने मान वळविली नाही. ती वाचत होती. ओठ हलवीत, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत तिने वाचले.

"घरी कळवा, हे सगळ्यात वर का?" निशा मॅडमनी मोनालीला विचारले. "नियमानं पोलीस आधी पाहिजेत."

मोनालीने तोंड उघडण्याआधीच मागून उत्तर आले. "पोलिसाला फोन लावनार कोन, मॅडम? पोलिसाचा मानूस नाय गेला समुद्रात. ज्याचा गेला, तोच पयला धावतो. त्याला अंधारात ठेवला का समदं थांबतं. आमी दीड दिस थांबलो हाव."

मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळविली. मग त्यांनी मोनालीला विचारले, "ह्या आई?"

"हो."

"हे यांनी सांगितलं लिहायला?"

"आधी त्यांनीच पुसायला लावलं होतं," मोनाली म्हणाली. "मग त्यांनीच लिहायला लावलं. मी फक्त टाइप केलं."

"फक्त टाइप कोणी करत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिले.

सर चौथ्यांदा चालविणार, इतक्यात सोनाबाई पुढे आली. "सर, मी दाबू काय?" सरांनी खुर्ची दिली. तिने पाटी खाली ठेवली, उजव्या हाताचे एक बोट पुढे केले आणि माझी कळ दाबली. त्या बोटाला मासळीच्या काट्यांचे व्रण होते. तीन सेकंद गेले. माझ्या अकरा वर्षांच्या आयुष्यात इतके लांब तीन सेकंद मी मोजलेले नाहीत.

दर्याराणी आली.

काम मोनालीला मिळाले. त्याच दिवशी सायंकाळी मॅडमचा निरोप आला. सुशांतने मॉलवाल्याला फोन करून नकार कळविला आणि नंतर बराच वेळ माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिले. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची हाक खिडकीखालून आली आणि निघून गेली. घरातून कोणीही जागचे हलले नाही.

आता कचेरीत मोनालीजवळ नवा, पातळ, चकचकीत लॅपटॉप आहे. तो मला दिसला आहे. देखणा आहे, सुखी असो. घरी मात्र ती माझ्यावरच बसते. करंजाच्या खऱ्या होड्यांसाठी एक पान तयार करावे, असे तिच्या मनात आहे. आजवर त्यात सात होड्या झाल्या. प्रत्येक होडीच्या घरी जाऊन सोनाबाई विचारून येते की, नाही आली तर पहिली हाक कोणाला मारायची. पहिल्या घरी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठविले. दुसऱ्या घरी तिने काशिरामांना सोबत नेले. त्या घराने सांगितले.

गेल्या आठवड्यात मोनालीने माझ्यातील सर्व काम उचलून दुसऱ्या एका ठिकाणी सुरक्षित ठेवले आणि तशी व्यवस्था रोज आपोआप होईल असे केले. सुशांत चहा पीत होता. "म्हणजे म्हातारा मेला तर?" त्याने विचारले.

"तेही लिहून ठेवलंय," मोनाली म्हणाली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटले असेल. मुळीच नाही. विमा कचेरीत मला वाखाणीत असत, परंतु मी बंद पडलो तर काय, याचा विचार तेथे एकाही माणसाने केला नव्हता. जिने तो केला, तिनेच मला खरे जपले. तुमच्या घरी जुने यंत्र असो, जुनी होडी असो वा कंबर गेलेला नाखवा असो, त्याचे कौतुक नंतर करा. आधी बसून ठरवा की, तो अडला तर कोण धावेल. हे ठरविले म्हणजे अशुभ होत नाही.

आणि एकदा ठरविलेत, की मग त्याला चालू द्या. मध्येच उठवून विचारू नका की, अजून किती दिवस. मी चालतो आहे.